नळीवरची अर्धी पुसलेली ओळ

शेजारच्या आजींनी एका संध्याकाळी बोलावून घेतलं आणि पलंगाखालची लांबट लाकडी पेटी बाहेर काढायला सांगितली. आत जुन्या चादरीत गुंडाळलेली एक छोटीशी रायफल होती, इतकी हलकी आणि बारीक की पहिल्यांदा खेळण्यातलीच वाटली. आजींचा प्रश्न सरळ होता, "तू जुन्या वस्तूंचं शोधत असतोस ना, मग सांग बरं याचे किती येतील?" मला वाटलं दोन दिवसांचं काम आहे. त्याला सव्वादोन महिने लागले आणि किती येतील हा प्रश्न शेवटी शेवटी कुठेतरी मागेच पडला.

आधी दोन गोष्टी, कारण त्या आधीच करायच्या असतात. एक म्हणजे कागदपत्रं. आजींकडे ती रीतसर होती आणि पेटीच्या झाकणाला आतून पाकिटात चिकटवून ठेवलेली होती, हे बघून मला फार बरं वाटलं, कारण जुन्या हत्याराला कायदा लागूच होत नाही असं बऱ्याच जणांना वाटतं आणि ते सगळीकडे खरं नसतं, प्रत्येक देशात नियम वेगळा. दुसरं म्हणजे शंभर वर्षं पेटीत पडलेली असली तरी ती भरलेलीच आहे असं धरायचं. नळी सुरक्षित दिशेला, बोट चापापासून लांब, ब्रीच, म्हणजे नळीची काडतूस घालायची मागची बाजू, उघडायचं, आत टॉर्च मारून बघायचं, बोट घालून चाचपायचं, आणि मगच बाकीचं. रिकामी होती.

आता खरं दुखणं सांगतो. रायफल चकाचक होती. आजींच्या भाच्याने काही वर्षांपूर्वी प्रेमाने, आजींना खूश करायला म्हणून, पॉलिश पेपर घेऊन अख्खी नळी आणि एका बाजूची फ्रेम, म्हणजे नळी आणि दस्ता यांच्या मधला धातूचा भाग, घासून आरशासारखी केली होती. त्याचा हेतू चांगलाच होता, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, पण नळीवर कोरलेली अक्षरं निम्मी गेली होती आणि ते बघून माझ्या पोटात खड्डाच पडला. कारण असल्या स्वस्त छोट्या रायफलींचं दुसरं कुठलं रेकॉर्डच नसतं हो. मोठ्या नावाच्या काही रायफलींच्या कारखान्यातल्या वह्या टिकल्यात, विंचेस्टरच्या बऱ्याच जुन्या मॉडेल्सच्या वह्या अमेरिकेत वायोमिंगमधल्या कोडी गावच्या म्युझियममध्ये आहेत, नंबर दिला की कधी तयार झाली, कुठल्या कॅलिबरमध्ये, म्हणजे नळीच्या भोकाच्या कुठल्या मापात, कधी बाहेर पडली असं पत्र मिळू शकतं. पण पोरांसाठी म्हणून विकलेल्या रायफलींचा धातू हाच त्यांचा दाखला. तो घासला की दाखला फाडल्यासारखंच.

तर वाचायचं कसं. उजेड समोरून नाही मारायचा, टॉर्च जवळजवळ नळीला समांतर धरायचा, खोलीतले बाकीचे दिवे बंद, म्हणजे अक्षरांच्या खाचांत सावली पडते. मग पातळ कागद ठेवून वरून मऊ पेन्सिल आडवी हलकी फिरवायची, लहानपणी नाण्यावर कागद ठेवून करायचो ना तसंच. सात-आठ कागद वाया गेले आणि मग हळूहळू ओळ उभी राहिली: जे. स्टीव्हन्स ए. अँड टी. कंपनी, चिकोपी फॉल्स, मॅस., यू.एस.ए. त्यापुढे पेट. म्हणजे पेटंट, एप्रिल, मग एक, मग काहीतरी पुसलेलं, आणि ९४. कॅलिबर जिथे असायला हवं तिथे नुसता गुळगुळीत आरसा.

चिकोपी फॉल्स हे मॅसॅच्युसेट्समधलं गाव. जोशुआ स्टीव्हन्स नावाच्या माणसाने १८६४ मध्ये तिकडे धंदा सुरू केला, पुढे १८८६ मध्ये त्याची जे. स्टीव्हन्स आर्म्स अँड टूल कंपनी झाली, ते ए. अँड टी. म्हणजे हेच, आर्म्स आणि टूल. आज जगभर जे .२२ लाँग रायफल काडतूस (.२२ हे इंचातलं माप) वापरतात ना, नेमबाजी शिकणारी कितीतरी पोरं ज्याने सुरुवात करतात ते, ते याच कंपनीने १८८७ मध्ये आणलं. आणि हे वाचून मी थक्क झालो की त्याच कंपनीने १९०१ पासून मोटारीही बनवल्या, स्टीव्हन्स-ड्यूरिया नावाच्या. एकाच गावात, एकाच मालकाकडे, मोटारी आणि पोरांच्या रायफली.

आता तारीख. एप्रिल आणि पुढे एक आणि एक पुसट अंक. कागदावर तो एक, सात, शून्य काहीही वाटत होता, दोन रात्री मी त्या एका अंकाकडे भिंगातून बघत बसलो होतो. मग लक्षात आलं की अमेरिकेचं पेटंट ऑफिस पेटंट मंगळवारी देतं, तेव्हाही मंगळवारीच द्यायचं. १८९४ च्या एप्रिलमधले मंगळवार म्हणजे ३, १०, १७ आणि २४. एकने सुरू होणारे दोनच, १० किंवा १७. आणि त्या पुसट अंकात शून्याची गोलाई कुठेच नव्हती, वरती एक आडवी रेघ मात्र होती. १७ एप्रिल १८९४. मी तेवढ्या रात्री उठून आजींना सांगायला जाणार होतो, घड्याळ बघितलं आणि थांबलो.

ही तारीख म्हणजे बनवल्याची तारीख नव्हे हे मात्र नीट समजून घ्या, कारण इथे भलेभले घसरतात. पेटंटची तारीख फक्त एवढंच सांगते की वस्तू त्याआधीची नाही. पुढे कितीही वर्षं तोच शिक्का मारत राहतात. विकणारे मात्र बिनधास्त '१८९४ सालची अस्सल रायफल' असं लिहून ठेवतात.

पण तारखेमुळे मॉडेल सापडलं. स्टीव्हन्स फेव्हरिट, १८९४ चं मॉडेल. एका वेळी एकच काडतूस. चापाभोवतीची कडी, म्हणजेच लीव्हर, खाली ओढली की ब्रीचचा ठोकळा खाली सरकतो, काडतूस हाताने घालायचं, लीव्हर वर, घोडा अंगठ्याने मागे ओढायचा. आणि फ्रेमच्या खाली पुढच्या बाजूला एक मोठा स्क्रू, हाताने फिरवता येतो असा, तो सैल केला की नळी सुटी होते, अख्खी रायफल दोन तुकड्यांत पिशवीत मावते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या जाहिरातींमध्ये तिची साधी आवृत्ती, नंबर १७, सहा डॉलरला होती, त्याच कंपनीची क्रॅक शॉट चार डॉलरला आणि त्याहून साधी एक तीन डॉलरला. म्हणजे ही पोरांच्या रायफलींमधली वरच्या दर्जाची.

इथे आजींची घरातली गोष्ट अडचणीत आली. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जायचं की सासऱ्यांनी ही पहिल्या महायुद्धातून आणली, एका सैनिकाकडून. मला ते ऐकल्यापासून आत कुठेतरी टोचत होतं, कारण ही सैनिकाची रायफल नव्हेच, ही सशामागे आणि डब्यांवर नेम धरायला शिकणाऱ्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या हाताच्या मापाची आहे. पण मी लगेच काही बोललो नाही. घरातली गोष्ट खोटी ठरवायला पुरावा हवा, अंदाज नाही.

मग वरची मर्यादा शोधायला घेतली, कधीपर्यंतची असू शकते. यात कंपनीचं नावच मदतीला आलं. १९१५ मध्ये न्यू इंग्लंड वेस्टिंगहाऊस नावाच्या कंपनीने स्टीव्हन्स कंपनी विकत घेतली, कारण त्यांना रशियाच्या झारच्या सरकारसाठी मोसिन-नागां रायफली बनवायला तयार कारखाना हवा होता, आणि १९१६ पासून नाव नुसतं जे. स्टीव्हन्स आर्म्स कंपनी झालं, टूल गेलं. पुढे रशियात क्रांती झाली, ते काम कोलमडलं आणि १९२० मध्ये सॅव्हेज या दुसऱ्या बंदूक कंपनीने स्टीव्हन्स घेतली. फेव्हरिट रायफलसुद्धा १९१५ मध्ये बदलली, फ्रेम जाडजूड झाली, आतली मुख्य स्प्रिंग चपट्या पट्टीऐवजी गुंडाळीची आली. आजींच्या रायफलीत चपटी पट्टी आणि नळीवर ए. अँड टी. म्हणजे १८९४ ते १९१५.

नंबरावरून वर्ष काढता येईल असं बऱ्याच जणांनी सुचवलं. या मॉडेलचं तसं होत नाही. अमेरिकेत १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टपर्यंत प्रत्येक बंदुकीवर सीरियल नंबर असलाच पाहिजे अशी सक्ती नव्हती, स्वस्त .२२ कितीतरी बिननंबरी आहेत. पण नंबराचा दुसरा उपयोग झाला. नळीच्या खालच्या बाजूला आणि फ्रेमवर एकच नंबर होता. नळी हाताने सुटी होणाऱ्या रायफलींमध्ये हे फार महत्त्वाचं, कारण शंभर वर्षांत कुणीही एकाची नळी दुसरीला लावलेली असू शकते, आणि मग नळीवरून काढलेला कुठलाही निष्कर्ष फ्रेमला लागू होत नाही. इथे दोन्ही जन्मापासून एकत्र.

कॅलिबर मात्र हुलकावणी देत होतं. सगळे .२२ धरून चालले होते, मीसुद्धा, छोटी रायफल म्हणजे .२२ हे डोक्यात इतकं घट्ट बसलेलं असतं. एका ठिकाणी फोटो पाठवून किंमत विचारली तर त्यांनी दहा मिनिटांत .२२ धरून आकडा सांगून टाकला, ना मोजलं ना विचारलं. पण फेव्हरिट तीन मापांत यायची, .२२, .२५ स्टीव्हन्स आणि .३२ लाँग, तिन्ही रिमफायर, म्हणजे पेटवणारा मसाला पुंगळीच्या तळाच्या कडेत भरलेला, मधे वेगळी टोपी नाही. आणि नळीच्या तोंडाशी मला ते भोक .२२ पेक्षा किंचित मोठं वाटत होतं. वाटणं पुरेसं नाही, म्हणून जुन्या बंदुकांचं काम करणाऱ्या एका कारागिराकडे गेलो आणि त्यांनी चेंबरचा, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेचा, साचा काढून दिला.

ही पद्धत बघण्यासारखी आहे. बिस्मथचा एक मिश्रधातू असतो, सेरोसेफ नावाचा, तो ७० ते ८८ अंश सेल्सियसलाच वितळतो, म्हणजे उकळत्या पाण्यापेक्षाही कमी. नळीत थोड्या अंतरावर कापसाचा बोळा बसवायचा, धातू चेंबरमध्ये ओतायचा, घट्ट झाला की बाहेर ढकलायचा. तो आधी आकसतो म्हणून सहज निघतो, आणि मग हळूहळू फुगत साधारण तासाभराने चेंबरच्या खऱ्या मापाला येतो, तेव्हा मोजायचं. त्यात शिसं आणि कॅडमियम असतं, त्यामुळे घरच्या भांड्यांत हा प्रयोग नको. तो तास मी आणि ते कारागीर शेजारी शेजारी बसून होतो, फारसं कुणी बोललं नाही. मग त्यांनी कॅलिपर लावला आणि माझ्याकडे वळवला. पुंगळीची जागा साधारण ७ मिलिमीटर. .२२ ची असती तर ५.७ च्या आसपास आली असती, .३२ ची ८ च्या पुढे. .२५ स्टीव्हन्स!

या एका मापाने कितीतरी गोष्टी हलल्या. .२५ स्टीव्हन्स हे काडतूस बाजारात आलं तेच १९०० च्या सुमारास. नळी आणि फ्रेम जन्मापासून एकत्र, म्हणजे रायफलसुद्धा साधारण १९०० ते १९१५ मधली. अमेरिकन कायद्यात 'अँटिक' म्हणजे १८९८ किंवा त्याआधी बनवलेलं, त्यामुळे पेटंटची तारीख दाखवून ही अँटिक आहे असं म्हणणं तिथे चाललं नसतं, आणि विकताना किमतीत त्याने मोठा फरक पडतो. दुसरं, ही काडतुसं अमेरिकेत बनायची बंद झाली ती १९४२ मध्ये. म्हणजे ज्याला रायफल चालवायची आहे त्याच्या दृष्टीने हिचा उपयोग जवळपास नाही, तो .२२ वालीच शोधणार, पण ज्याला संग्रह करायचाय त्याला .२५ जास्त हवीशी वाटते. एकच गोष्ट एका गिऱ्हाइकासाठी किंमत पाडते आणि दुसऱ्यासाठी चढवते.

नळीच्या आतली अवस्था मात्र वाईट. चेंबरच्या पुढे खड्डेच खड्डे. हे निष्काळजीपणाने झालं असं सरसकट म्हणू नये, त्या काळच्या काडतुसांच्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असायचं, ते जळल्यावर मागे जो क्षार उरतो तो मिठासारखा हवेतला ओलावा ओढून घेतो आणि पोलाद खातो. काळ्या दारूच्या वेळी निदान भरपूर काजळी साचायची, ती पाण्याने धुतली जायची आणि क्षारही सोबत जायचा. बिनधुराची दारू आली तशी नळी स्वच्छ दिसायला लागली, लोकांनी पाण्याने धुणं सोडलं, आणि नेमक्या त्याच वर्षांतल्या छोट्या नळ्या सर्वात जास्त सडलेल्या सापडतात. मुलगा संध्याकाळी तेलाचं फडकं फिरवून ठेवत असेल, आपलं काम चोख केलं म्हणून झोपत असेल, आणि आत क्षार आपलं काम करत असेल. मला हे वाचून खरंच वाईट वाटलं.

जुन्या .२२ वाल्यांसाठी एक सांगून ठेवतो. फेव्हरिट .२२ लाँग रायफलमध्ये असली आणि नळी छान असली तरी आजची हाय व्हेलॉसिटी, म्हणजे जास्त वेगाची, काडतुसं त्यात घालू नका. ती १९३० च्या सुमारास आली, या रायफलीचं पोलाद आणि लीव्हरच्या पिना त्या दाबासाठी नाहीत. जाणकाराकडून तपासल्याशिवाय तर काहीच नाही.

आता किंमत. आधी हे बाजूला ठेवा की विकणाऱ्याने काय आकडा लिहिलाय, तो त्याचा हेतू असतो. बघायचं ते लिलावात प्रत्यक्षात कितीला गेली, आणि त्यातही घेणाऱ्याकडून वर कमिशन घेतात ते धरलंय की नाही. तेच मॉडेल, तेच कॅलिबर, तशीच अवस्था, आणि गेल्या एक-दोन वर्षांतला सौदा. अशा सात-आठ विक्री सापडल्या की एक पट्टा दिसायला लागतो, एका विक्रीवरून काही ठरत नाही. मूळ फिनिश किती टक्के शिल्लक आहे याला सर्वात जास्त भाव. नळीचं मूळ ब्लूइंग, म्हणजे पोलादावर मुद्दाम आणलेला निळसर-काळा थर, तपकिरी पडलेलं असलं तरी चालतं, घासून चकचकीत केलेलं चालत नाही, नवीन ब्लूइंग केलेलंही नाही. नेम धरायच्या मूळ साईट्स आहेत का, स्क्रूंच्या खाचा कुणी चुकीच्या पेचकसाने फोडल्यात का, दस्त्यावर नवीन पॉलिश आहे का. या सगळ्यात आजींच्या रायफलीचे गुण एका पॉलिश पेपरने गेले होते. माझ्या हिशोबाने भाच्याने हात लावला नसता तर जेवढे आले असते त्याच्या निम्म्याहून कमी. आणि ते न घासलेलेसुद्धा काही आयुष्य बदलणारे पैसे नव्हते.

हे सांगायला गेलो तेव्हा आकडा एका ओळीत सांगून टाकला. आजींनी मान हलवली, त्यांना त्याचं फार काही वाटलं नाही. मग मी त्यांना नळी सुटी करून दाखवली. तो मोठा स्क्रू फिरवला, लीव्हर खाली, नळी पुढे ओढली, आणि फ्रेमचा जो भाग नळीमागे झाकलेला असतो तो उजेडात धरला. भाच्याचा पॉलिश पेपर तिथे पोचलेला नव्हता. शंभर वर्षांचा उजेडही नाही. निळा, जांभळा, गवती पिवळा, राखाडी, पाण्यावर तेल सांडल्यासारखे रंग. फ्रेम हाडांच्या आणि लाकडाच्या कोळशात तापवून पाण्यात बुडवायचे, पृष्ठभाग कडक व्हावा म्हणून, आणि हे रंग त्यातून यायचे. कारखान्यातून निघाली तेव्हा अख्खी फ्रेम अशी होती. सहा डॉलरच्या रायफलीची.

आजी बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे ते म्हणायचे ती रंगीत बंदूक हीच?" मी विचारलं कोण म्हणायचे, तर सासरे. शेवटच्या आजारपणात सारखं रंगीत बंदुकीबद्दल बोलायचे आणि घरात सगळ्यांना वाटायचं तापात बरळतायत, कारण पेटीतली तर काळपट होती.

तेव्हा मी दस्ता पुढे केला. दस्त्याच्या डाव्या बाजूला चाकूने कोरलेली दोन अक्षरं आहेत, वेडीवाकडी, दुसरं पहिल्यापेक्षा मोठं झालेलं, जागा पुरणार नाही म्हणून शेवटी दाबून बसवलेलं. संग्रह करणारे असलं काही दिसलं की किंमत कमी करतात. आजींनी त्यावरून अंगठा फिरवला. सासऱ्यांची अक्षरं. युद्धावर गेले तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते, आणि एकोणीस वर्षांचा माणूस असं कोरत नाही हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. १९१५ च्या आधीची रायफल, पोराच्या हाताचं माप, पोराचं अक्षर. "त्यांचीच होती मग," आजी म्हणाल्या, "लहानपणची. आणली-बिणली नाही कुणाकडून."

त्यांनी विकायचा विचार सोडला असं त्या स्पष्ट काही म्हणाल्या नाहीत. मला एवढंच सांगितलं की जे जे कळलं ते एका कागदावर लिहून दे, पेन्सिलने काढलेला तो ठसाही दे, पाकिटात परवान्यासोबत ठेवते. मी दोन पानं लिहून दिली, तारखा, मापं, कशावरून काय ठरवलं ते सगळं. भाच्यालाही बोलावून घेतलं होतं, त्याला वाईट वाटू नये म्हणून घासण्याचा विषय आजींनी काढूच दिला नाही. उलट त्याच्या हातात तो स्क्रू दिला आणि म्हणाल्या, उघड बघू, आतले रंग बघ.